लवूचं धुराडं

श्रावणात आचऱ्याच्या किनाऱ्याला बांगडा लागला की आमच्या वाडीला हसावं की रडावं ते कळत नाही. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची होडी पाण्यात गेली, की दर्या असा उदार होतो की जाळ्याचे दोर ओढता ओढता खांदे सोलून निघतात. पण एवढा बांगडा खाणार कोण? वरच्या अंगाची सगळी शेतकरी गावं श्रावण पाळतात. चवथीचे गणपती बोळवेपर्यंत त्यांच्या चुलीवर वशाट चढत नाही. बरं, वाळवून ठेवावा तर ऊन कुठलं? सकाळी वाळूत पसरलेला बांगडा दुपारच्या सरीत भिजतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात अळ्या वळवळतात. शेवटी पाट्याच्या पाट्या माडांच्या मुळात जातात. माणसं अर्धपोटी आणि माड बांगडे खाऊन सुस्त, असा आमचा श्रावण.

सन अठ्ठावन्नच्या श्रावणात लवू घरी होता. एरवी तो असायचा नाही. मुंबईला आगबोटीवर तो आगवाला होता, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून फावड्यानं कोळसा मारायचा. तरणेपण त्यातच गेलं. शिमग्याला आला तो असा खोकला घेऊन, की बोलताना मधेच उभा राहून माडाला हात टेकायचा. मालवणच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि सांगितलं, "परत कोळशाजवळ गेलात, तर पुढच्या शिमग्याला मी तुम्हाला बघणार नाही." लवूनं मान डोलावली, आणि आषाढात शेजारच्या हौसाबाईकाकीकडे निरोपही देऊन टाकला, की चवथीनंतर मी दत्तारामबरोबर बोटीवर जातो. दत्ताराम काकीचा मुलगा, लवूचा भावकीतला भाऊ. त्याच बोटीवर आगवाल्यांचा सारंग, म्हणजे मुकादम होता, आणि लवूची जागा त्यानं राखून ठेवली होती.

माणूस मरायला उठून जातो त्याला कारण लागतं. लवूला कारण होतं बायकोचा पाय. सुभद्रा डोक्यावर माशांची पाटी घेऊन रोज वरच्या गावांत जायची. ताजा मासा उद्यावर टाकता येत नाही, म्हणून रोज. ज्येष्ठात खाडीत उतरली असताना शिंगाळ्या माशाचा काटा तिच्या टाचेत घुसला. पाय भोपळ्याएवढा सुजला, पिकला, फुटला. जीव वाचला, पण टाच जमिनीला टेकली की तिच्या तोंडातून शीळ निघायची. घरात दोघंच. मूल झालं होतं, जगलं नव्हतं. तिचा पाय चालत नव्हता आणि ह्याची छाती चालत नव्हती.

पुनवेनंतरच्या पहिल्या मोठ्या ओढीला लवू दोराला लागला. वाडीतले सगळे दोन्ही दोरांवर वाकलेले, टाचा वाळूत रुतवून मागे मागे सरकत होते. जाळं अजून कंबरभर पाण्यातही आलं नव्हतं तोच लवूला खोकला आला. दोर सुटला, तो गुडघ्यावर बसला, आणि पुढच्याला त्याला वळसा घालून मागे सरकावं लागलं.

होड्या बांधणारा महादू सुतार त्याच दोरावर होता. जीभ त्याची रंध्यासारखी. "लवूचो हात नुसतो लागता रे," तो ओरडला. "दोर ओढता तो तेचो खोको!"

दोरावरचे सगळे हसले. लवूही हसला. हसला म्हणून परत खोकला.

वाळूत वाटे पडले. होडीचा, जाळ्यांचा, देवाचा, मग माणसांचे. परशुराम तांडेल, म्हणजे रापणीचा मुख्य, त्यानं लवूपुढे पुरता वाटा ओतला.

"येवढो नको रे परशुराम," लवू खाली बघत म्हणाला.

"दोराक हात लागलो, वाटो लागलो. आजोबाच्या वक्तापासना असाच आसा. तुका नको तर माडाक घाल."

परशुराम भल्या मनानंच बोलला. पण भल्या माणसाचं बोलणं कधी कधी टोमण्यापेक्षा जास्त लागतं. लवू पाटी घेऊन घरी आला ती त्याला दगडांची वाटत होती.

सुभद्रा पडवीत पाय लांब करून बसली होती. पाटीकडे बघून म्हणाली, "आता ह्येंचा काय करूचा? मी काय चलूचंय नाय. मीठ लावन ठेवलंय तरी पाणी सुटान कुसतले."

लवू आत गेला. चुलीवर उतव टांगलेलं होतं, धुरात टांगायची ती बांबूची चौकट. पावसाळ्यात कोकमं, मिरच्या, काय ओलं असेल ते आम्ही तिच्यावर टाकतो. कोकमांच्या मागे त्याला एक बांगडा दिसला, गेल्या पावसातला, विसरलेला. काळपट, ताठ. त्यानं तो मोडला, वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत बाहेर आला.

"गो, ह्यो बग. कुसाक नाय."

"उतवावर धुरात ऱ्हवलो तर कसो कुसतलो?"

"मगे पाटीभर ठेवले तर?"

"उतवावर पाटीभर? येवढो धूर होयो तर घर पेटवूचा लागात," सुभद्रा म्हणाली.

लवू तिच्याजवळ खाली बसला. "आयक. माका धूर करूक येता. जल्मभर दुसरा काय केलंय? हे बांगडे चवथ होयपर्यंत टिकले, तर तुका रोज चलूक नको. गाडीर घालून आठवड्याक एकदा न्हेवचे. तसा झाला तर मी दत्तारामाक नाय म्हणान सांगतंय."

"आणि नाय टिकले तर?"

"तर जातंय."

सुभद्रानं त्याच्याकडे बघितलं नाही. पाटी पुढे ओढली, कोयता घेतला आणि बांगडे पोटाशी चिरायला लागली. तिचं हो म्हणणं असंच असायचं.

दुसऱ्या दिवशी अंगणात कारखाना सुरू झाला. घासलेटचा एक जुना डबा होता. किनाऱ्याला कधीतरी वाहून आलेलं एक लाकडी पीप परसात उलटं पडलेलं होतं, त्यावर कोंबड्या बसायच्या. कोंबड्या हाकलून पीप डब्यावर ठेवलं. आत माडाच्या हिरांवर, म्हणजे पातीच्या काड्यांवर, बांगडे ओवून टांगले आणि डब्यात लाकडं पेटवली. दुपारी झाकण काढून बघतात तर बांगडे शिजून, हिरांवरून सुटून, राखेत पडलेले. हिरांवर नुसती डोकी लटकत होती. त्या रात्री दोघांनी राख झटकून ते खाल्ले. वाईट नव्हते, पण शिजलेला मासा चवथीपर्यंत थांबत नाही.

"धूर होयो, आग नको," लवू म्हणाला. "आग लांब होयी. आणि वाटेत धूर निवाक होयो."

मुंबईच्या खोलीत त्यानं भुशाची शेगडी पाहिली होती. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद वर काढायची. मधे पोकळ नळी राहते आणि भुसा आतून हळूहळू धुमसतो. एकदा भरली की अर्धा दिवस बघायला नको. त्यानं डब्याला खाली बोटभर भोक पाडलं, हवेसाठी. वर झाकण बसवलं, मातीनं लिंपलं, आणि झाकणाखाली बाजूला दुसरं भोक पाडून त्यात बांबू खुपसला. बांबूच्या आतल्या गाठी तापल्या सळईनं फोडताना त्याचा अख्खा दिवस गेला. बांबू ओल्या मातीच्या चरात पुरला, त्याचं दुसरं तोंड पिपाच्या बुडाशी आणलं. भुसा महादूच्या होड्यांच्या मांडवातून आणला. आषाढात होड्यांच्या फळ्या कापल्या, तासल्या होत्या, त्याचा ढीग तसाच पडून होता.

"न्हे, न्हे," महादू म्हणाला. "माझो मांडव झाडूचो चुकलो. पण लवू, ही आगबोट लागतली खंयच्या बंदराक?"

"चवथीच्या," लवू म्हणाला.

पेटवली. आणि धूर बांबूतून पलीकडे जाण्याऐवजी खालच्या भोकातून उलटा लवूच्या तोंडावर आला. तो असा खोकायला लागला की डोळ्यांची बुबुळं बाहेर येतात की काय असं वाटलं. सुभद्रा लंगडत धावली, त्याला काखेत धरून ओढत माडाखाली नेलं, आणि मग तिचा संयम सुटला.

"मेल्या धुरान छातीचा वाटोळा केल्यान, आणि तुमी घरात तोच आणलात! बोटीर मरूचा ता हय अंगणात मरतास! हय बसा. हालूचा नाय. काय करूचा ता थयसून सांगा, मी करतंय."

तेव्हापासून काम असं वाटलं गेलं. लवू माडाखाली बसून सांगायचा आणि सुभद्रा नाकाला ओलं फडकं बांधून करायची. सांगणारा लांब आणि करणारी तापट, त्यामुळे वाडीची चांगली करमणूक झाली.

"वर भोक पाड! पिपाच्या माथ्यार! वर वाट गावली नाय तर धूर येतलो कसो? बोटीक धुराडा कित्याक आसता?"

"माका काय ठाऊक? मी खंय बोटीत बसलंय?"

"येवढा म्होटा नको! सगळो धूर जायत!"

"मगे आदी सांगूचा!"

भोक मोठं झालं ते झालं. त्यावर तिनं नारळाची करवंटी उपडी ठेवली. करवंटी जराशी सरकवली की धूर जास्त ओढायचा, झाकली की कमी. ही करवंटी सुभद्राची युक्ती, हे लवू मरेपर्यंत सगळ्यांना सांगत असे. आणि मग धूर खरंच बांबूतून गेला. मधल्या ओल्या मातीत निवला आणि पिपाच्या माथ्यावरून दुधाच्या सायीसारखा संथ बाहेर पडू लागला. पिपात हात घालून सुभद्रा म्हणाली, "थंड आसा!" तिनं लवूचा हात धरून आत घातला. दोघं तशीच उभी राहिली, पिपात हात घालून, मूर्खासारखी हसत. पाऊस आला तेव्हा झावळ्यांचं छप्पर पिपावर ओढलं, स्वतः भिजली.

दिवसचे दिवस ते डबा भरत होते. आदल्या रात्री मिठात घातलेले बांगडे सकाळी धुवायचे, निथळायचे, ओवायचे. मिठानं सुभद्राच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. बांगडे आधी राखाडी, मग पिवळे, मग तांबूस झाले. हौसाबाईकाकीनं एक भाजून खाल्ला आणि म्हणाली, "बरो लागता रे!" परशुरामनं दोन खाल्ले. महादूनं तीन खाल्ले आणि नावं ठेवायला काही सापडत नाही म्हणून उदास झाला.

श्रावणातल्या सोमवारी यशोदा रामेश्वराच्या दर्शनाला उतरली. वरच्या गावातल्या एका मोठ्या शेतकरी घरातली ही बाई, सुभद्राचं जुनं गिऱ्हाईक. देवळातून परतताना तिचा दुखरा पाय बघायला म्हणून अंगणात आली. सुभद्रानं मोठ्या अभिमानानं पिपाचं झाकण काढलं. यशोदानं पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरली.

"ईऽ! गो सुभद्रा, ह्येका होडीची घाण येता!"

"तुजो श्रावण आसा म्हणान तसा वाटता."

"जिभेचो श्रावण आसा गो, नाकाचो नाय. मुशीच्या तेलाची घाण ही. तुमच्या होडयेत पाय ठेवलो की येता तीच."

लवू माडाखाली उठून उभा राहिला. त्यानं महादूच्या भुशाची मूठ भरून नाकाशी नेली. त्याला काही वास येईना. कुठून येणार? दर वर्षी आषाढात आम्ही होड्यांना मुशी माशाचं तेल चोपडतो. फळ्या पिढ्यान् पिढ्या ते पितात. हात, कपडे, अंथरूण, सगळ्या वाडीला तोच वास. तो ज्याला येत नाही तो आमच्यातला. त्या तेलकट फळ्यांचा भुसा जाळून आम्ही बांगडे धुरवले, आणि सगळ्या वाडीनं मिटक्या मारून सांगितलं की झकास झालेत. नाक असलेलं माणूस वरच्या गावातून यावं लागलं.

ते सगळे बांगडे माडात गेले. लवूनं स्वतः खड्डे खणले. मग घरात जाऊन खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यावरची कोळिष्टकं पुसली. सुभद्रा दारात उभी होती.

"आजून चवथ येवची आसा," ती म्हणाली.

"दुसरो भुसो खंयसून हाडू? हय लाकूड कापतत ता होडयेचा."

"येतलो खंयसून तरी."

"खंयसून?"

तिनं वाकून पेटी परत खाटेखाली लोटली.

भुसा आला यशोदाकडून. तिच्या घरी फणसाचं जुनं झाड कापून चौकटी घडवायचं काम चाललं होतं, आणि दोन दिवसांनी मिठासाठी खाली आलेल्या त्यांच्या बैलगाडीत दोन पोती पिवळाधमक भुसा होता. गाडीवानानं पोती उतरवली आणि निरोप सांगितला, "वयनीन सांगल्यान, माज्या नाकाक लागान तुमचो माल गेलो, तर भुसो तरी माजो घेवा. आणि गणपती बोळवल्यार पयली पाटी आमच्या दारात होयी."

सुभद्रानं पोत्यात हात घातला आणि भुसा तोंडाशी नेऊन ती रडायला लागली. गाडीवान बिचारा घाबरला. त्याला वाटलं भुशात विंचू होता.

पण आता बांगडा कुठे होता? रापण पडून होती, वारा फिरला होता. तीन-चार दिवस नुसती पावसाची झोड. मग एका सकाळी दर्या निवळला आणि पाणी काळं पडलं, एवढा बांगडा आत आला. लवू दोराला लागला, थोडं ओढलं, खोकला, सुटला. या वेळी कुणी हसलं नाही. वाटे पडले आणि दोन ढीग उरले. लोकांना घरी नेऊन करायचं काय ते कळेना. पोरं ते माडांकडे ओढू लागली.

"थांबा," परशुराम म्हणाला. "माडाक घालूच्या आदी लवूक विचारा."

"माका कित्याक विचारतंस?" लवू म्हणाला. "माझो वाटो माका गावलो."

"ह्यो तुजो वाटो नाय रे. माड जगतत तो वाटो. पण माडान कधी कोणाक गोड बांगडो खावक घातल्यान? तू घालशीत. उचल."

महादू पुढे झाला. एक शब्द न बोलता त्यानं पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि लवूच्या अंगणाकडे चालू लागला. महादू काही न बोलता चालतोय, हे बघून बाकीच्यांनीही पाट्या उचलल्या.

त्या उपकाराची लवूला लाज वाटली नाही. हे तो पुढे सांगायचा तेव्हा स्वतःच नवल करायचा. इतके दिवस जे हातात पडलं ते भीक वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही माणसं देत नाहीत, विश्वासानं ठेवायला देत आहेत. तो वाळूत वाकला, हात वाळूला लावून कपाळाला लावला, आणि त्यांच्या मागे चालू लागला.

मग काम, काम आणि काम. हौसाबाईकाकी चिरायला बसली, परशुरामची बायको ओवायला. महादूनं टोमणे मारत मारत दुसरं पीप उभं केलं आणि बांबूला फाटा काढून दिला. फणसाच्या भुशाचा धूर गोडसर यायचा. त्या धुरात लवूला खोकला कमी यायचा असं सुभद्रा म्हणायची. खरं म्हणजे ती त्याला जवळच येऊ द्यायची नाही. चवथ आली, घरोघर मूर्ती बसल्या, आरत्या झाल्या, आणि सुभद्रा आरतीतून उठून मागच्या अंगणात करवंटी सरकवून यायची. देवाला कळत असावं. बांगडे सोन्याच्या रंगाचे झाले, मग मधाच्या. एकालाही अळी लागली नाही.

दत्ताराम मुंबईहून आला होता. धडधाकट, गळ्यात रुमाल, मनानं मोकळा. अंगणातलं धुराडं बघून हसला. "बोटीर चल, ह्येच्यापेक्षा म्होटा देतंय," म्हणाला.

गणपती बोळवल्यावर यशोदाच्या गाडीत पाट्या चढल्या. लवू आणि सुभद्रा दोघंही बरोबर गेली. भातशेतं पोटऱ्यांत आली होती. सुभद्रा गाडीत पाय लांब करून बसली होती, आणि ज्या चढावर ती वर्षानुवर्षं पाटी घेऊन धापा टाकायची तो चढ बैल चढत होते. "ह्यो चढ येवढो बारको होतो?" ती म्हणाली.

यशोदाच्या खळ्यात बायका जमल्या. श्रावणभर उपाशी जिभा त्या. पण रंग बघून कुणी पुढे होईना. एक म्हातारी म्हणाली, हा मासा जळलेला आहे. यशोदानं एक बांगडा उचलला, नाकाशी नेला. लवू गाडीचं चाक धरून उभा होता. यशोदानं तसाच हुंगत हुंगत वेळ काढला, मग काही न सांगता आत गेली, निखाऱ्यावर तो बांगडा फिरवून आणला, आणि पेजेच्या वाटीबरोबर खळ्यातच खायला बसली. अर्धा खाल्ला. मग बोट चाटून त्या म्हातारीच्या पेजेत एक तुकडा टाकला.

म्हातारीनं तो चघळला. बराच वेळ चघळला. "आजून आसा?" तिनं विचारलं.

पाट्या रिकाम्या होऊन भातानं भरल्या. निघताना यशोदानं विचारलं, "परत कधी?" सुभद्रानं लवूकडे बघितलं. "आठवड्यान," लवू म्हणाला.

त्या संध्याकाळी तो दत्तारामच्या पडवीत गेला. सुभद्रा मागोमाग गेली. लवूनं सांगितलं, मी येत नाही.

दत्ताराम चिडला. चिडणारच. "मी शबुद टाकलंय रे तुज्यासाटी! जागा अडवून ठेवलंय. धा माणसां पाठी लागली होती. आता काय सांगू, माझो भाव बांगडे धुरवता म्हणान?"

मग सुभद्रा पुढे झाली, दीरापुढे कधी बोलली नव्हती ती.

"भावोजी, तुमी आमच्यासाटी केलात ता आमी इसरूचे नाय. तुमच्यामुळां हेंका जागा गावली, तुमच्यामुळां आमी जेवलो. पण माका आता जागा नको. माका ह्यो माणूस होयो. जितो होयो. रागावचा तर माझ्यार रागवा."

दत्तारामनं गळ्यातला रुमाल सोडून परत बांधला. मग म्हणाला, "परवा मोटार सुटापर्यंत जागा लवूची. पेटी घेवन इलो तर बसयतंय. नाय इलो तर मी समाजलंय." आणि आईला हाक मारून म्हणाला, "आये, तो धुराचो बांगडो भाज गो. बगूया तरी बोटीक खंयची सवत गावली ती."

तो परवा उजाडला. सकाळी लवू दत्तारामची पेटी डोक्यावर घेऊन त्याला पोचवायला मोटारीच्या थांब्यावर गेला. स्वतःची पेटी खाटेखालीच होती. तरी जाताना सुभद्राला त्यानं अंगात मुंबईचा सदरा घातलेला दिसला. दुसरा धुतलेला नव्हता, एवढंच. पण बायकोचं मन, त्याला कुणी सदऱ्याचं कारण सांगायचं? ती वेशीपर्यंत गेली नाही. वेशीपर्यंत ती दर वर्षी गेली होती. दर वर्षी तो म्हणायचा, ह्या खेपेला जात नाही, आणि मोटारीचा भोंगा वाजला की त्याचा पाय आपोआप पायरीवर पडायचा. एकदा तर बिनपेटीचा गेला होता, पेटी मागाहून पाठवावी लागली होती.

भोंगा वाजला तो घरात ऐकू आला. ती उठली, डबा भरला, बाटली काढली, निखारा टाकला. करवंटी सरकवली. मग आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं.

लवू परत आला तेव्हा पाऊस झिमझिमत होता. तो पडवीत पाय धुवून आत आला. "निरोप दिल्यान दत्तारामान," तो म्हणाला, "फुडच्या चवथीक तेका पाटीभर होये, बोटीर न्हेवक." आणि पाटावर बसला. "वाड गो. भूक लागली."

सुभद्रा वळली नाही. तिची पाठ हलत होती.

"काय झाला?"

"मी एकटीचेच तांदूळ वैरलंय," ती म्हणाली.

लवू पाटावरून उठला. कोपऱ्यातल्या पाटीत यशोदाकडच्या भाताचे नव्यानं कांडलेले तांदूळ होते. त्यातले दोन मुठी त्यानं घेतले, बाहेर जाऊन छपराच्या पावळीतून गळत्या पाण्याखाली धुतले, आणि तिच्या खांद्यावरून हात पुढे करून कढत्या मडक्यात सोडले. तिनं ओल्या डोळ्यांनीच पळी घेऊन ढवळलं. म्हणाली, "देवा रामेश्वरा."

भात थोडा गुरगुट्या झाला, थोडा कणीदार राहिला. दोघांनी तो सगळा खाल्ला.